टेस्ट प्रोड्यूसर उभा करून देणाऱ्या ताईंना खुलं पत्र

ताई, नमस्कार,

कॉलवर थँक्यू म्हणून झालं होतं पण ते फारच तोकडं वाटलं मला, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि जरा सविस्तरच लिहिणार आहे कारण काफ्कावर (प्रोग्रामांमध्ये मेसेजची ने-आण करणारी आणि ते साठवणारी सिस्टीम) नव्याने काम करणाऱ्या कुणालाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

आमचं काम तसं साधं होतं. सेन्सरचे रीडिंग काफ्कात येणार, पुढे फ्लिंकचा (सतत येणाऱ्या डेटाचा येईल तसा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) जॉब ते वाचून पाच पाच मिनिटांच्या विंडोत, म्हणजे वेळेच्या तुकड्यात, सरासरी काढणार आणि मर्यादा ओलांडली की अलर्ट. खरे सेन्सर अजून जोडलेले नव्हते, तोपर्यंत खोटे मेसेज पाठवणारा एक प्रोसेस, म्हणजे टेस्ट प्रोड्यूसर, हवा होता. ऐकायला किरकोळ काम, पण तुम्ही त्याला किरकोळ समजला नाहीत, पहिले आभार त्याचेच.

सुरुवातच अडली होती. ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क असलेल्या बंदिस्त जागेत, प्रोड्यूसर बाहेर लॅपटॉपवर, 9092 पोर्टवर कनेक्शन होतंय पण मेसेज जाईना, नुसता टाइमआउट. तुम्ही लॉग बघून लगेच म्हणालात की आपण दिलेला पत्ता फक्त पहिल्या भेटीपुरता असतो, मग ब्रोकर स्वतःचा पत्ता कळवतो आणि पुढचं सगळं बोलणं त्या पत्त्यावर होतं, आणि इथे तो कंटेनरच्या आतलं नाव सांगतोय जे बाहेरून सापडणारच नाही. दोन लिसनर (ब्रोकर जिथे कनेक्शन घेतो ती दारं) केले, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक, अ‍ॅडव्हर्टाइज्ड लिसनर्सची (ब्रोकर कळवतो त्या पत्त्यांची) ओळ नीट भरली आणि चालू. नुसती ओळ बदलून दिली असती तरी काम झालं असतं, तुम्ही थांबून कारण समजावलंत.

मग कोड लिहू दिला नाहीत! आधी कन्सोल प्रोड्यूसरने (काफ्कासोबत येणारं टर्मिनलचं टूल) एक ओळ पाठव, शेजारच्या टर्मिनलमध्ये मेसेज वाचणारा कन्सोल कन्झ्यूमर लाव, ती दिसू दे, मग पुढचं. कन्झ्यूमर डिफॉल्टने नवे मेसेजच दाखवतो म्हणून सुरुवातीपासून वाचायचा पर्याय द्यायचा, आणि टॉपिक (मेसेजचा नाव दिलेला कप्पा) आपोआप तयार होणं बंद ठेवायचं, नाहीतर नावात एक अक्षर चुकलं तरी काफ्का गुपचूप नवा टॉपिक बनवतो आणि मेसेज तिकडे जात राहतात, एररसुद्धा येत नाही. मेसेजची की (key) म्हणून सेन्सरचा आयडी द्यायला सांगितलंत, कारण क्रम फक्त एका पार्टिशनच्या (टॉपिकच्या एका भागाच्या) आत पाळला जातो आणि की तीच असली तर पार्टिशनही तेच राहतं.

सेंड कॉल केला म्हणजे मेसेज पोचला असं धरायचं नाही हेही तुम्हीच ठसवलंत. पेटीत पत्र टाकलं म्हणजे ते घरी पोचलं असं थोडंच असतं, तसंच, मेसेज आधी प्रोड्यूसरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) बसतो आणि मग बॅचने जातो. छोटा टेस्ट प्रोग्राम क्षणात संपतो, फ्लश न करता, म्हणजे बफरमधलं सगळं पाठवून न देता, संपला तर बफरमधलं सगळं गेलं. म्हणून कॉलबॅकमध्ये (उत्तर आलं की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पोचपावती मोजायची, शेवटी फ्लश, मग क्लोज.

पण खरी गोष्ट विंडोची, आणि त्यासाठी मी तुमची कायम ऋणी राहीन. मेसेज पोचत होते, फ्लिंक वाचत होता, आणि निकाल मात्र शून्य! तुम्ही विचारलंत, शेवटच्या मेसेजची वेळ काय? इव्हेंट टाइममध्ये घड्याळ भिंतीवरचं चालत नाही, येणाऱ्या मेसेजमधल्या वेळेनेच ते पुढे सरकतं. 10:00 ते 10:05 ची विंडो, उशिराच्या मेसेजसाठी 30 सेकंदांची सवलत, म्हणजे 10:05:30 किंवा त्यापुढची वेळ असलेला मेसेज आल्याशिवाय विंडो बंद होणार नाही, तुम्ही तासभर बसून राहिलात तरी. खऱ्या सिस्टीममध्ये मेसेज येतच राहतात म्हणून हे जाणवत नाही, टेस्टमध्ये प्रवाह थांबतो आणि शेवटची विंडो उघडी राहते. आणि वॉटरमार्क, म्हणजे हे घड्याळ कुठवर आलंय ती खूण, सगळ्या पार्टिशनमधला सर्वात मागचा धरला जातो, त्यामुळे एखादं पार्टिशन रिकामं असलं तरी सगळंच अडतं. म्हणून प्रत्येक पार्टिशनला शेवटी एक पुढच्या वेळेचा मेसेज पाठवायचा, किंवा रिकाम्या पार्टिशनकडे दुर्लक्ष करायची आयडलनेसची सेटिंग लावायची. आम्ही पहिला मार्ग घेतला आणि अलर्ट दिसायला लागले, तेव्हा कॉलवर आम्ही सगळे अक्षरशः ओरडलो होतो.

त्यातच तुम्ही एक बारीक गोष्ट सांगितलीत जी मला एरवी कुठे सापडली असती कोण जाणे. टेस्टसाठी जुन्या ठरावीक तारखा वापरायच्या असतील तर त्या काफ्काच्या रेकॉर्डच्या टाइमस्टॅम्पमध्ये घालायच्या नाहीत, मेसेजच्या आत घालायच्या, कारण मेसेज किती ठेवायचे हे काफ्का त्या टाइमस्टॅम्पवरूनच ठरवतो, डिफॉल्ट 168 तास, म्हणजे महिन्यापूर्वीची तारीख दिली की साफसफाई आली की डेटा गायब.

आता आमचा प्रोसेस चांगलं वागणारे मेसेजच पाठवत नाही. उशिरा आलेले, दोनदा आलेले, मोडका जेसन (मेसेजचा मजकूर ज्या फॉरमॅटमध्ये असतो तो), 1 एमबीच्या आसपासचे जाडजूड, सगळे मुद्दाम पाठवतो, प्रत्येकाच्या हेडरमध्ये रनचा आयडी आणि अनुक्रमांक, आणि रँडमचं सीड (रँडम आकडे ज्यावरून निघतात तो सुरुवातीचा आकडा) पक्कं, म्हणजे तीच टेस्ट उद्या जशीच्या तशी पुन्हा चालवता येते. किती पाठवले, किती पोचले, किती वगळले जायला हवे होते, हे आकडे आधी कागदावर मांडायचे आणि मग रन करायचा, हा तुमचा आग्रह आता टीमचा नियम झालाय. लोडची टेस्ट काफ्कासोबत येणाऱ्या परफ (परफॉर्मन्स) टेस्टच्या स्क्रिप्टने केली, त्यात फार काही अडलं नाही.

तुमच्या स्वतःच्या कामाचा ताण मला माहीत होता, तरी एकदाही घाई केली नाहीत आणि कीबोर्ड माझ्याच हातात राहू दिलात, याचं मोल मला फार आहे. मनापासून आभार, ताई. सगळी स्क्रिप्ट आणि कॉन्फिग टीमच्या रेपोत टाकलंय, प्रत्येक सेटिंगच्या शेजारी ती का आहे हे तुमच्या शब्दांत लिहिलंय, सवड झाली की एकदा नजर टाका आणि कुठे कमी पडलं असेल तर हक्काने सांगा.