‘आता विसरून जा’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या मोफत हृदय शस्त्रक्रियांच्या बातम्या आपल्याकडे छापून येतात, सोबत हसऱ्या मुलांचा फोटो असतो. वाचून बरं वाटतं आणि पोटात गोळाही येतो. असाच एक फोटो आमच्या घरी आहे, २००३ सालचा.

माझी मुलगी जन्मतः निळसर होती. टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाच्या पडद्याला छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं. निघताना सांगण्यात आलं, ‘आता विसरून जा.’ आम्ही खरंच विसरलो. फाईल माळ्यावरच्या पेटीत गेली.

ती वाट मोठी करताना तिथल्या झडपेला पुष्कळदा काप द्यावा लागतो आणि मग ती गळत राहते, हे आम्हाला वीस वर्षांनी कळलं. गळतीमुळे उजवा कप्पा हळूहळू फुगतो, पण वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. पोरीला जिना चढताना धडधडायला लागलं, तर आम्ही रक्त कमी असेल म्हणून तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या.

झडप बदलायची म्हटल्यावर घरात रडारड. ‘दुसऱ्यांदा छाती उघडली की माणूस राहत नाही’, असं सांगणारे नातेवाईक कमी नव्हते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली. तिथल्या सर्जननी समजावलं: पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं, हाड कापताना इजेची भीती असते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून अंतर बघतात, गरज वाटली तर जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून बायपास मशीन, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र, जोडायची तयारी ठेवतात. अनुभवी ठिकाणी, वेळेत ठरवून केलेल्या अशा झडपबदलात मृत्यूचं प्रमाण शंभरात एखाद्याच्या आसपास असतं. खरा धोका उशिरा येणाऱ्याला. कप्पा फार फुगला, तर नवी झडप बसवूनही तो पूर्ववत होत नाही.

मुलगी आज कामावर जाते. तिची जैविक (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली) झडप दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बदलावी लागेल. कदाचित पायाच्या शिरेतून, छाती न उघडता. २००० सालापासून तशीही सोय आहे.

मुलांची मोफत तपासणी आणि उपचार करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंत. पुढे कोण बघणार? मुलींचं तर आणखी अवघड. स्थळ बघताना छातीवरचा व्रण लपवला जातो आणि बाळंतपणात हृदयावर ताण येतो, तेव्हा डॉक्टरांनाही जुनं ऑपरेशन ठाऊक नसतं. सोलापुरात महिन्यातून एक दिवस तरी अशा मोठ्या झालेल्या रुग्णांसाठी ओपीडी हवी. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावं: झडप कापली की नाही, पुढची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, दात काढण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आणि पालकहो, फाईलचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. मुंबईत आम्हाला पहिल्या ऑपरेशनची टिपणं मागितली. पेटी उघडली, तर निम्मी उंदरांनी कुरतडलेली. रुग्णालयात विचारलं, तर इतकी जुनी नोंद ठेवत नाही म्हणाले.

आपला,
एक पालक, जुळे सोलापूर