बोहरी आळीतल्या ताडपत्रीवाल्या चाचांना

चाचा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचत बसणार नाही, पण गल्ल्यावरचा तुमचा नातू मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो वाचून दाखवील या आशेवर लिहिते आहे. भर आषाढात, झाडांना बांधून झोपायच्या झोळीवर टाकायला छप्पर मागत आलेली, दारातच झोळी पसरून तुमची वाट अडवणारी बाई ती मीच.

परवा मुळशीच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतावर दोन जांभळींमध्ये झोळी बांधली. रात्रभर पाऊस होता, आणि सह्याद्रीतला पाऊस म्हणजे वरून कमी, आडवाच जास्त. सकाळी पांघरूण कोरडं. कोरडं म्हणजे कोरडं, चाचा! काडी ओढली असती तर पेटली असती.

तुमच्याकडे येण्याआधी मी एका चकाचक दुकानात जाऊन आले होते. नाव घेत नाही. तिथल्या पोराने 'हायड्रोस्टॅटिक हेड 3000' ऐकवलं. म्हणजे कापडावर 3 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब येईपर्यंत ते गळणार नाही. नसेल गळत, मला मान्य. पण माझी झोळी 10 फूट आणि कापड 8 बाय 8, पुरेल का एवढंच मी विचारत होते. तर म्हणे, "मॅडम, तिरकं बांधा, सगळे तसंच करतात." तिरकं धरलं की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सव्वाअकरा फूट भरतं, खरं आहे. पण डोक्याशी आणि पायाशी ते निमुळतं होत जातं, आणि वारा नेमका तिथूनच पाणी आत ढकलतो. चिंब भिजून परत द्यायला गेले, तर 'वापरलेला माल घेत नाही' ही पाटी दाखवली. एवढ्या तत्परतेने त्याने आधी काहीच दाखवलं नव्हतं.

तुम्ही आधी झोळी मोजलीत. मग विचारलंत, "वाहणार कोण?" मी म्हटलं, मीच. माझं बोट 200 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणाऱ्या, जाडजूड ताडपत्रीवर होतं. तुम्ही ती आणि 90 जीएसएमची, दोन्ही काट्यावर टाकलीत. 9 बाय 12 फूट म्हणजे साधारण 10 चौरस मीटर, तेव्हा एक भरली 2 किलो आणि दुसरी किलोच्या आत. मागे एक शेतकरी कांदाचाळ झाकायला ताडपत्री घ्यायला उभे होते. त्यांच्याकडे हात करून म्हणालात, "यांची चाळ आहे, तुमची पाठ आहे." आणि महागाची घडी पुन्हा रॅकवर. त्या दुकानात नुसत्या खुंट्यांना जेवढे मागत होते, जवळपास तेवढ्यात माझं छप्पर झालं.

पण हे पत्र सुतळीसाठी आहे. मी जाता जाता म्हटलं होतं, दोरीवरून पाणी ओघळत आत येतं त्याचं काय करायचं? तुम्ही दोरीचं एक टोक शटरच्या कडीला बांधलंत, दुसरं माझ्या हातात दिलंत, आणि स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी वरून सोडलंत. ते सरळ माझ्या मनगटावरून बाहीत शिरलं. मग खाली पडलेला वीतभर सुतळीचा तुकडा उचलून दोरीला गाठ मारलीत, टोक लोंबतं ठेवलंत, आणि पुन्हा पाणी. या वेळी ते गाठीपाशी वळलं आणि सुतळीवरून थेंब थेंब पायरीवर पडत राहिलं. माझ्यापर्यंत आलंच नाही. "छपराच्या आत बांधा, बाहेर नाही," एवढं सांगून तुम्ही शेतकऱ्याकडे वळलात. सुतळीचे पैसे विचारले तर म्हणालात, कचरा आहे तो.

तुम्ही आयुष्यात कधी झोळीत झोपला असाल असं वाटत नाही. तरी समोरच्याचं पाणी कुठून शिरतं ते बघावंसं वाटलं तुम्हाला, तेही ऐन गर्दीत, ज्यात एक रुपया सुटणार नाही अशा कामासाठी. अशी माणसं अजून दुकानं उघडून बसतात म्हणून शहरात राहवतं. बाकी हसून 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि खरंच काही लागलं की त्यांची जेवायची सुट्टी असते.

तक्रारही सांगते. वाऱ्यात तुमची ताडपत्री भलती फडफडते, पहिला तासभर डोळा लागला नाही. सिलिकॉन-नायलॉनची महागडी एवढी आवाज करत नाही, वजनालाही हलकी. पण ती भिजली की सैल पडते आणि रात्री उठून ताणत बसावं लागतं, तेव्हा मला ही फडफड चालेल. कोपऱ्यांना तुम्ही दिलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले होते, म्हणून एवढ्या झोतातही दोरी ओवायचं एक आयलेट उसवलं नाही.

रविवारी माझी मैत्रीण येईल, उंच आहे, चष्मा आहे. ती 200 जीएसएमच मागेल. देऊ नका.