आयुपॅक नावं पाठ नका करून घेऊ, वाचायला शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अकरावीत ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू झाली की पोरं आयुपॅक नावांना, म्हणजे केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी रेणूंना दिलेल्या नावांना, घाबरतात, आणि आपल्याकडे बऱ्याच क्लासेसमध्ये त्यावर औषध एकच, पाठ करा. रेणूतल्या कोणत्या ग्रुपला, म्हणजे अणूंच्या गटाला, नावात आधी मान द्यायचा, तर आधी ॲसिड, मग एस्टर, मग अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन... ही यादी पोरगं झोपेत म्हणून दाखवेल, पण एखादं लांबलचक नाव देऊन रचना काढ म्हटलं की पेन थांबतो. मी नंदुरबारात केमिस्ट्री शिकवतो आणि हे बघून फार वाईट वाटतं, कारण 1892 साली जिनिव्हात केमिस्ट लोकांनी एकत्र येऊन हे नियम बांधायला घेतले तेच मुळी नावावरून रेणू आणि रेणूवरून नाव कळावं म्हणून.

आपल्या पथारीवरच्या मिरचीचंच बघा ना. तिखटपणा ज्याच्यामुळे येतो त्या कॅप्सेसिनचं नाव आहे (ई)-एन-(4-हायड्रॉक्सी-3-मिथॉक्सीबेंझाइल)-8-मिथाइलनॉन-6-ईनामाइड. पोरं हे बघूनच वही मिटतात. पण मागून वाचायला लावा. शेवटी अमाइड, म्हणजे मुख्य ग्रुप मिळाला आणि त्याचा कार्बन झाला 1 नंबर. नॉन म्हणजे चेन नऊ कार्बनची, 6 आणि 7 च्या मध्ये डबल बॉण्ड, आठव्यावर एक मिथाइल. एन म्हणजे पुढचं सगळं नायट्रोजनला लटकलंय, तिथे एक सीएचटू आणि त्याला बेंझीन रिंग, रिंगच्या 4 वर ओएच, 3 वर ओसीएचथ्री. राहिला तो ई, तर डबल बॉण्डच्या दोन्ही बाजूंचे चेनचे तुकडे विरुद्ध दिशेला आहेत. झाली रचना! एकही ओळ पाठ करावी लागली नाही. रावेर-यावलच्या पोरांना केळीच्या वासातलं 3-मिथाइलब्युटाइल इथेनोएट द्या, ते तर याहून सोपं आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. 2013 च्या आयुपॅक शिफारशींत मुख्य चेन निवडताना डबल बॉण्डपेक्षा लांबीला आधी मान दिलाय. म्हणजे ज्याला आपण 2-इथाइलपेंट-1-ईन म्हणत आलो ते आता 3-मिथिलिडीनहेक्झेन. पण कितीतरी नोट्समध्ये अजून जुनाच नियम चाललाय, पोरगं नेटवर एक वाचतं, क्लासमध्ये दुसरं ऐकतं आणि शेवटी त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. त्याची काय चूक? शिकवणाऱ्यांनी दोन्ही नियम सांगावेत, आणि पेपर काढणाऱ्यांनी अशा प्रश्नात कोणता नियम धरलाय ते स्पष्ट लिहावं, नाहीतर दोन्ही उत्तरांना मार्क द्यावेत, एवढी विनंती तुमच्या पेपरमार्फत पोचवा.

आपला,
एक केमिस्ट्री शिक्षक, नंदुरबार