फायबर घेताना लिफ्टमधला फोन विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपुरातल्या अनेक सोसायट्यांनी तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन सोडून फायबर घेतले आहे. रस्ते सिमेंटचे होताना केबल तुटायची आणि दुरुस्ती रखडायची, त्यामुळे हा बदल योग्यच आहे. मात्र लिफ्टमधला आपत्कालीन फोन याच लँडलाइनवर असेल, तर एक गोष्ट हमखास राहून जाते. जुना फोन नव्या यंत्राला जोडतात, बटण दाबून पाहतात, पलीकडे बेल वाजते आणि काम झाले असे धरून चालतात. ही चाचणी वीज चालू असताना घेतलेली असते. माणूस लिफ्टमध्ये अडकतो ती वेळ मात्र बरेचदा वीज गेल्यावरची असते.

जुन्या लाइनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची, ४८ व्होल्ट डीसी. इमारत अंधारात असली तरी फोन चालायचा, कारण एक्स्चेंजकडे स्वतःच्या बॅटऱ्या असायच्या. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. इमारतीत बसवलेला ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश फोनच्या संकेतात बदलणारे यंत्र, भिंतीतल्या सॉकेटवर चालतो. आपल्याकडे वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणतात. आता विजेची आणि फोनची, दोन्ही लाइनी एकदमच जातात.

त्यासाठी ओएनटीला वेगळी बॅटरी हवी. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. ओएनटी १० वॉट घेत असेल तर कागदावर आठ तास होतात. प्रत्यक्षात पाच-सहा धरावेत, तेही बॅटरी नवी असताना. आता ही बॅटरी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ठेवली तर काय होईल? लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, मशीन रूममध्ये त्याहून जास्त. म्हणून ओएनटी आणि बॅटरी तळमजल्यावर, वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा सोसायटीच्या ऑफिसात ठेवावी आणि तिथून टेलिफोनच्या तारांची जोडी वर न्यावी. बॅटरीच्या चार्जरला वीज लिफ्टच्या पॅनलमधून देऊ नये. लिफ्टचा एमसीबी पडला आणि तो तासन्‌तास तसाच राहिला, तर बॅटरी चार्जच होणार नाही.

नंबरांचा घोळ तर आणखी सोपा, आणि म्हणूनच जास्त दुर्लक्षित. लिफ्टच्या ऑटो-डायलरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर आपोआप नंबर लावणाऱ्या यंत्रात, तीन-चार नंबर साठवलेले असतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी ० लावणे सक्तीचे झाले. त्याआधी भरलेले मोबाइल नंबर कोणी बदलले नसतील, तर तो कॉल लागत नाही. फोन सिमकार्डच्या गेटवेवर (लँडलाइनऐवजी सिमवरून कॉल लावणाऱ्या यंत्रावर) नेला तर उलटा प्रश्न येतो: साठवलेला सात आकडी स्थानिक लँडलाइन नंबर मोबाइल नेटवर्कवरून लागत नाही, त्याच्यापुढे ०७१२ घालावे लागते. यंत्र बदलले त्याच दिवशी प्रत्येक नंबर तपासलाच पाहिजे. यादीतला तंत्रज्ञ काम सोडून गेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

सिमकार्डचा गेटवे घेताना बाजारात स्वस्तात ‘जीएसएम’ म्हणून मिळणारे यंत्र फक्त २जीवर चालणारे असू शकते. जिओचे जाळे ४जी-५जीचे आहे, त्यामुळे त्याचे सिम अशा यंत्रात चालतच नाही. यंत्रावर ‘४जी’ लिहिलेले आहे एवढ्यावरही भागत नाही. व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच आवाजाचा कॉल करण्याची सोय, नसेल तर आवाजाचा कॉल करताना ते २जी शोधते. तेव्हा पावती करण्याआधी विक्रेत्याला ‘यावरून व्होल्टे कॉल होतो का’ असे थेट विचारावे आणि आपल्याच सिमवर लावून दाखवायला सांगावे. गेटवे लिफ्टच्या कारवर (माणसे उभी राहतात त्या पेटीवर) बसवू नये. लोखंडी पेटीत आणि शाफ्टमध्ये सिग्नल मरतो. अँटेना पॅनलच्या पत्र्याबाहेर काढावी आणि मोटरच्या ड्राइव्हच्या केबलपासून दूर ठेवावी, नाहीतर आवाजात खरखर येते. रिचार्ज संपलेल्या सिमवरून कॉल जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण हे रिचार्ज करायचे कोणी, हे सोसायटीत कुठेच लिहिलेले नसते. देखभाल शुल्काच्या वार्षिक यादीत त्याची स्वतंत्र ओळ असावी.

सगळ्यात फसवा दोष आवाजाच्या संकेतांचा आहे. चांगला डायलर पलीकडच्या माणसाला एक बटण दाबायला सांगतो. ही सोय नसेल तर ‘ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर आहे’ या ध्वनिमुद्रित आवाजालाच तो उत्तर समजू शकतो आणि पुढचा नंबर लावत नाही. आवाज दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत, या बटणाचा टोन बिघडतो आणि माणसाने उत्तर दिल्याचे डायलरला कळत नाही. फायबरवरच्या फोनसाठी ओएनटीत जी.७११ कोडेक ठेवावा आणि डीटीएमएफसाठी (बटणांच्या टोनसाठी) आरएफसी २८३३ हा पर्याय निवडावा. देशाच्या सेटिंगमध्ये भारत असावा. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्‌झचा आहे. सेटिंग दुसऱ्या देशाचे राहिले तर कॉल संपल्याचे डायलरला कळत नाही, लाइन अडकून राहते आणि बॅटरी उतरते.

युरोपात ईएन ८१-२८ या मानकानुसार लिफ्टच्या फोनने निदान दर तीन दिवसांनी आपोआप चाचणी कॉल करायचा असतो आणि वीज गेल्यावरही तो किमान एक तास चालला पाहिजे. ब्रिटनमध्ये जुने अ‍ॅनालॉग जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचे ठरल्याने तिथे लिफ्टचे फोन बदलण्याचे काम चालू आहे. आपल्याकडे निदान महिन्यातून एकदा हाताने चाचणी घ्यावी. लिफ्ट तळमजल्यावर आणून दार उघडे ठेवावे, लिफ्टचा मेन स्विच आणि ओएनटी किंवा गेटवेच्या बॅटरी-चार्जरचा भिंतीतला प्लग, दोन्ही बंद करून एक तास थांबावे. मग आत जाऊन बटण दाबावे. दोन्हीकडे आवाज स्पष्ट आहे का, पलीकडच्याला इमारत आणि लिफ्ट कोणती ते कळते का, कॉल आपोआप तुटतो का, एवढे पाहावे. त्याच वेळी मीटर लावून बॅटरी मोजावी. १२ व्होल्टच्या खाली गेली असेल तर ती बदलावी, उन्हाळ्याची वाट पाहू नये.

‘आमच्याकडे एआरडी आहे’ असे उत्तर अनेक सोसायट्या देतात. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणारे ते यंत्र सेफ्टी सर्किट धड असेल तरच चालते. दाराचे लॉक बिघडून लिफ्ट थांबली असेल तर एआरडी जागची हलत नाही, आणि आत फोनच उरतो.

लिफ्ट निरीक्षकांना आमची विनंती आहे की तपासणीच्या वेळी मेन बंद करून आपत्कालीन फोनवरून एक कॉल प्रत्यक्ष लावून घ्यावा आणि तो कोणी उचलला याची नोंद अहवालात करावी.

लिफ्ट देखभाल व टेलिफोन जोडणीचे काम करणारे तंत्रज्ञ,
नागपूर