नवा कार्बोरेटर न विकल्याबद्दल

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव चारचौघांत छापलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. आमच्या दापोली तालुक्यात ज्यांच्या घरी ग्रासकटर आहे, त्यांना पत्र कुणाला आहे ते कळेलच.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, त्यानंतर आम्ही ही झाड कापायची चेनवाली मशीन (चेनसॉ) घेतली. यंदा पावसाच्या तोंडावर जुना फणस पाखाडीच्या वाटेवर कोसळला आणि नेमकी तेव्हाच ती रुसली. सुरू व्हायची, थोडं कापायची, मग रेस दिली की बसायची आणि बंद. जरा थांबलं की परत सुरू. एका दुकानात तिचा एक स्क्रूही न काढता "कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेला, नवीन टाका" असा निकाल मिळाला.

तुम्ही फोनवर आधी प्रश्न विचारलात. बंद पडल्यावर प्लग काढून बघा, ओला की कोरडा? कोरडा होता. "मग करंटच्या मागे लागू नका. पेट्रोल वाटेत कुठेतरी अडतंय." आता पुन्हा चालवा, बंद पडली की विडीवाल्याला लांब उभा करा आणि टाकीचं झाकण सावकाश सैल करा. केलं. सुस्स करून हवा आत गेली आणि मशीन लगेच सुरू झाली. पेट्रोल संपतं तशी त्या जागी बाहेरून हवा यायला लागते. तिची बारीक वाट तेलकट भुशाने बुजली होती. टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टरही तारेच्या आकड्याने ओढून काढायला लावलात. तो काळा पडला होता, बदलला.

बंद पडणं थांबलं, पण रेस दिल्यावर बसणं राहिलं, म्हणून मशीन तुमच्याकडे आणली. तुम्ही कार्बोरेटर उघडून माझ्यासमोर ठेवलात, त्याचे आभार सगळ्यात जास्त. मोटरसायकलसारखा यात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा गोळा, नसतो, म्हणून मशीन आडवी-उलटी धरली तरी चालते. इंजिनाच्या पोटातला दाब वर-खाली होतो, त्यावर एक पातळ पडदा फडफडतो आणि पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा खालची सुई उघडून लागेल तेवढंच आत सोडतो. हा दुसरा पडदा तुम्ही बोटाने दाबून दाखवलात. मऊ असायला हवा, तो जुन्या पापडासारखा कडक झाला होता. सुई पुरती उघडणार कशी?

कारणही सांगितलंत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की पाणी खाली बसतं, रबर आणि पडदे खराब होतात. (निम्मी टाकी भरलेली मशीन माळ्यावर ठेवायची पद्धत आमच्याकडे घरोघरी आहे. वाचणाऱ्यांनी आजच उतरवावी.) पडदे, सुई आणि जाळीचं किट घातलंत, भोकं नुसत्या हवेने साफ केलीत. तार घालू पाहणाऱ्या पोराला बसलेली ओरड अजून कानात आहे.

आणखी एक. ते पडदे जसे होते तसे ठेवून जोरात चालताना किती पेट्रोल जावं ते ठरवणारा एच लिहिलेला स्क्रू थोडा सोडून मला वाटेला लावणं सोपं होतं. तुम्ही उलट सांगितलंत की त्याला हात लावू नका. तो जास्त आवळला की पेट्रोल कमी जातं; मशीन जोरात ओरडते, ऐकणाऱ्याला वाटतं ट्युनिंग जमलं. पण या मशीनसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, त्यामुळे पिस्टन कोरडा पडून जाम होतो. तेलाचं माप मशीनच्या पुस्तकातलंच घ्या, म्हणालात. आमच्या पुस्तकात लिटरला २० मिली आहे, तेच घालतोय.

पैसे किटचे आणि चहापुरते घेतलेत. फोनवरच्या वेळेचं विचारलं तर हात झटकलात.

फणस कापून झाला, पाखाडी मोकळी आहे. मशीन मात्र पुन्हा आणतोय. रेस न देता इंजिन किती फिरावं ते ठरवणारा आयडलचा स्क्रू उलटा फिरवला तरी चेन थोडी फिरतच राहते. इंजिन चेनला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या क्लचची स्प्रिंग सैल झाली असावी असं वाटतंय. तुम्ही बघेपर्यंत ती कापायला काढत नाही.

तुमचा,
आगरवाला