घरी काडतुसं भरायचा नाद नको, छर्ऱ्याची रायफल नीट लावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत ३१ वर्षं काम करून निवृत्त झालो, आता बोपोडीला राहतो. पत्र लिहायची सवय नाही, पण परवा जे झालं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, कॉलेजात शिकतो, शूटिंगचं भयंकर वेड. ऑगस्ट २०२४ मधे स्वप्निल कुसाळेनी पॅरिसला ५० मीटर रायफलमधे ब्राँझ घेतलं ना, तेव्हापासून. तो राधानगरीकडचा मुलगा, बालेवाडीला सराव करून ऑलिंपिकला गेला, मग आपल्या पोरांना वाटणारच की आपण पण करावं. त्यात वाईट काहीच नाही. पण हा मुलगा मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, काका तुम्ही फॅक्टरीत होतात, हे बघा, परदेशात लोक गॅरेजमधे प्रेस लावून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, खर्च निम्म्यावर येतो, आपल्याला जमेल का, आणि यात प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या मागची दारू पेटवणारी टिकली, नीट बसत नसेल तर काय करायचं. एवढ्या सहज विचारलं त्यानी, जणू मिक्सरचं भांडं बसत नाहीये.

मी त्याला दोन तास बसवून घेतलं. जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितो, कारण असे व्हिडिओ बघणारा तो काही एकटा नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. अमेरिकेत हा कायदेशीर छंद आहे, दुकानात बंदुकीच्या दारूची पावडर मिळते, प्रायमर मिळतात. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याच्या ५ व्या कलमात स्पष्ट आहे की लायसन्सशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. बंदुकीचं लायसन्स असलं म्हणजे काडतूस बनवायची परवानगी मिळाली असं होत नाही, ती वेगळी गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पोरांना हे माहीतच नसतं हो, त्यांना वाटतं आपण कुणाला मारायला थोडीच करतोय, खेळासाठी तर करतोय. कायदा ते बघत नाही.

दुसरं म्हणजे ज्या ५० मीटरच्या पॉइंट टू टू रायफलवर हे सगळं वेड सुरू झालं, तिची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, परत भरण्यासारखी नसतेच. तिच्यात वेगळा प्रायमर नसतो, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेलाच आत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते, कड चेपली की ती पुंगळी भंगार. मुलगा हे ऐकून गप्पच झाला. व्हिडिओत जी पितळेची काडतुसं परत भरताना दाखवतात ती सेंटरफायरची, मागे मधोमध वेगळा प्रायमर असलेली.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. ९ एमएमच्या पिस्तुलात गोळी सुटते तेव्हा आत जास्तीत जास्त ३५,००० पीएसआयपर्यंत दाब जाऊ शकतो. आपण गाडीच्या टायरमधे ३२ पीएसआय हवा भरतो. हजारपटीपेक्षा जास्त झालं हे, आणि तेही तोंडापासून हातभर अंतरावर. पावडर थोडी जास्त पडली तर दाब तेवढ्याच हिशोबानी वाढत नाही, एकदम उसळतो. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, बाहेरून फक्त बारीक आवाज येतो, माणसाला वाटतं फुसकी निघाली आणि तो पुढची झाडतो, आणि नळी फाटते. पावडर ग्रेनमधे मोजतात, १ ग्रॅम म्हणजे जवळजवळ साडेपंधरा ग्रेन. त्या मुलाच्या डोक्यात घरातला स्वयंपाकाचा काटा होता. जो काटा एक ग्रॅमच्या खाली आकडाच दाखवत नाही त्याच्यावर हे मोजणार! आणि प्रायमर बसत नसेल तर जोर लावू का, हे त्यानी विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण प्रायमर ही वस्तूच आघातानी पेटायला बनवलेली असते.

फॅक्टरीत आम्ही कसं काम करायचो ते लोकांना माहीत नाही म्हणून सांगतो. गेटवर काडेपेटी, विडी, मोबाईल सगळं काढून ठेवायचं. खिळे नसलेले बूट, सुती कपडे, नायलॉन अंगावर नको. आत जाताना तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक वीज जमिनीत जावी म्हणून. प्रत्येक खोलीवर पाटी, आत किती माणसं आणि किती किलो माल, त्याच्यावर एक माणूस नाही की एक डबा नाही. दोन इमारतींमधे मातीचे उंच बांध, म्हणजे एकीकडे काही झालं तर दुसरीकडे पोचू नये. १८६९ पासूनची फॅक्टरी आहे, हे नियम काही हौस म्हणून केलेले नाहीत. आणि हे काम कुणी बाल्कनीत, शेजारी गॅसची शेगडी, वरती वाळत घातलेले सिंथेटिक कपडे, दाराशी लहान भाऊ अशा जागेत करायचं म्हणतंय. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या डोळ्यात पाणी आलं. ती ३१ वर्षं रोज भोंगा वाजल्यावर माझी सायकल दिसेपर्यंत दारात थांबलेली बाई आहे.

आता नुसतं नको म्हणून पोरं ऐकत नाहीत, त्यांना काय करायचं ते पण सांगितलं पाहिजे. १० मीटर एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर, म्हणजे नळीचं भोक, पॉइंट १७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर आणि ताकद २० जूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. याच्यात दारू नाही, प्रायमर नाही, शिशाचा छर्रा आणि दाबलेली हवा. सरळ १० मीटर जागा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, टार्गेटवर १५०० लक्सचा उजेड, मागे पत्र्याची जाड पेटी आणि तिच्याही मागे पक्की भिंत. मधे कुठलं दार उघडत नाही ना ते आधी बघा. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, अर्धा मिलिमीटर! ज्याला हातानी बारीक काम करायची हौस आहे त्याला इथे आयुष्य कमी पडेल.

पण इथेही एक गोष्ट पालक हलक्यात घेतात, ती म्हणजे रायफलला लावलेला हवेचा सिलेंडर. छोटासा दिसतो पण आत २०० बार हवा असते. मॅच रायफलच्या, म्हणजे स्पर्धेच्या रायफलच्या, बऱ्याच सिलेंडरवर बनवल्याची तारीख असते आणि त्यानंतर १० वर्षांनी तो वापरातून काढायचा असतो. सेकंडहँड रायफल घेताना लोक लाकूड बघतात, नळी बघतात, ही तारीख कुणी बघत नाही. हवा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात बघा, बहुतेक वेळा ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, गेलेली असते, पण भरलेल्या अवस्थेत पाना लावून काही खोलायचं नाही, ते काम जाणकारालाच द्यायचं. भरताना हळूहळू भरा, भसकन भरलं की सिलेंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, मग लोक म्हणतात लीक आहे. गोळ्या अचानक खाली जायला लागल्या तर नेम धरायची साइट फिरवत बसण्याआधी हवेच्या दाबाचा गेज बघा. छर्रे हाताळल्यावर हात साबणानी धुवा, शिसं पोटात जाऊ देऊ नका.

आणि कृपा करून ऑक्सिजन भरू नका. कोविडनंतर ऑक्सिजनवाले गल्लोगल्ली माहीत झालेत आणि एका पालकानी मला खरंच विचारलं की तिथून भरून आणू का, जवळ पडतं. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि आतल्या ग्रीसचा थेंब एवढं स्फोटाला पुरतं. फक्त कोरडी, स्वच्छ हवा.

संपादकसाहेब, मेडल आलं की तुम्ही पान भरून फोटो छापता, छापलेच पाहिजेत, पण त्याच पानावर एक चौकट टाका ना, की सुरुवात कुठून करायची, लायसन्स कशाला लागतं, सिलेंडरची तारीख कुठे बघायची. आणि महापालिकेला माझी विनंती आहे की शहरात जे क्रीडा हॉल आहेत त्यातल्या एकदोन ठिकाणी तरी हवा भरायची आणि सिलेंडर तपासायची सोय करा, सगळ्यांनाच हडपसरहून नाहीतर कात्रजहून बालेवाडी परवडत नाही.

त्या मुलाकडे एक जुनी एअर रायफल आहे, मामानी घेऊन दिलेली. रविवारी ती घेऊन आला. चष्मा लावून सिलेंडरवरची तारीख वाचली, २०१३ ची निघाली. हवा पूर्ण सोडून तो सिलेंडर मी माझ्याच कपाटात ठेवून घेतलाय, नवीन येईपर्यंत तो पोरगा रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर रिकाम्या रायफलनी नुसता नेम धरून उभा असतो.

आपला,
एक निवृत्त कामगार, बोपोडी, पुणे