लांबणारे काम आणि गोठलेली विंडो

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधील पतसंस्था, शाळा, ग्रंथालये आणि घाऊक व्यापारी यांच्या कार्यालयांत चालणारी अनेक लहान सॉफ्टवेअर इथल्याच महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी लिहिलेली असतात. ही कामे मी जवळून पाहतो आणि त्यांचा मला अभिमानही वाटतो. परंतु त्यांत एक दोष इतक्या सातत्याने आढळतो की तो एखाद्या मुलाच्या हलगर्जीपणाचा नसून शिक्षणातील उणिवेचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. बटण दाबल्यावर सुरू होणारे काम काही सेकंदांहून अधिक चालले की संपूर्ण विंडो गोठते, आणि काम चालू आहे, अडकले आहे की संपले आहे, हे समोर बसलेल्या माणसाला कळण्याचा कोणताच मार्ग उरत नाही.

याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते राहत नाहीत. शहरातील एका पतसंस्थेत सर्व खात्यांवर व्याज जमा करण्याचे काम चालू असताना विंडो पांढुरकी पडली आणि शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटली. तिथल्या कर्मचारी ताईंनी थोडी वाट पाहिली आणि कोणीही समंजस माणूस करील तेच केले, म्हणजे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केले आणि तेच बटण पुन्हा दाबले. काही खात्यांवर व्याज दोनदा चढले. सर्व नोंदी एकतर पूर्ण व्हाव्यात किंवा मुळीच होऊ नयेत अशी व्यवस्था डेटाबेसमध्ये केलेली नव्हती, हा वेगळा दोष खराच. पण ताईंना सॉफ्टवेअर बंद करावेसे वाटले ते विंडो मुकी झाल्यामुळे, आणि बोल मात्र त्यांनाच ऐकावा लागला. हे मला अन्यायाचे वाटते.

यामागचे कारण तांत्रिक असले तरी सामान्य वाचकाला समजण्याजोगे आहे. विंडोजवरील असो वा लिनक्सवरील, जवळपास प्रत्येक डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये विंडो रंगवणे, माऊसच्या क्लिक घेणे आणि कळफलकावरील अक्षरे टिपणे ही सर्व कामे एकच थ्रेड, म्हणजे सॉफ्टवेअरमधील सूचना ओळीने पार पाडणारा एक धागा, एकामागून एक करत असतो. पोस्टाच्या एकाच खिडकीवर बसलेल्या कारकुनाने मागच्या खोलीतील सगळी गोणपाटे मोजण्याचे कामही स्वतःच अंगावर घेतले, तर रांगेतील माणसाला साधे उत्तरही मिळणार नाही. तसेच इथे घडते. एखादी विंडो ५ सेकंद कोणत्याही संदेशाला उत्तर देत नाही असे दिसले की विंडोज तिच्या जागी एक फिकट प्रतिमा उभी करते आणि ती परिचित सूचना लावते. प्रत्यक्षात त्या वेळी आतले काम बहुधा सुरळीत चाललेले असते.

यावरचा उपाय नवा नाही. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर-निर्मिती संचाच्या २.० या आवृत्तीत, म्हणजे २००५ मध्ये, काम दुसऱ्या थ्रेडवर नेणारा ‘बॅकग्राउंडवर्कर’ आला. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ६ या आवृत्तीत तशीच सोय देणारा ‘स्विंगवर्कर’ मूळ संचातच समाविष्ट झाला. क्यूट या विंडो बनवण्याच्या संचात थ्रेड आणि सिग्नल, म्हणजे एका भागाने दुसऱ्याला धाडायचे निरोप, यांची सोय आहेच. या सर्वांचा नियम एकच आहे. लांबणारे काम दुसऱ्या थ्रेडवर चालवावे आणि त्या थ्रेडने विंडोला कधीही थेट हात लावू नये. त्याने आपली प्रगती फक्त कळवावी आणि विंडोवरील बदल तिच्या स्वतःच्या थ्रेडनेच करावेत. हा नियम माहीत नसल्यामुळे अनेक जण कामाच्या फेऱ्यांमध्ये ‘डूइव्हेंट्स’ ही, तुंबलेल्या क्लिक आणि संदेश मध्येच हाताळायला लावणारी, आज्ञा पेरतात. तिने विंडो हलू लागते हे खरे, पण काम अर्धवट असताना तेच बटण पुन्हा दाबता येते आणि पहिल्या कामाच्या पोटात दुसरे काम सुरू होते. व्हिज्युअल बेसिकच्या काळापासून चालत आलेली ही पळवाट अजूनही शिकवली जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो.

काम मागे नेले की अर्धेच साधते. उरलेले अर्धे म्हणजे प्रगती खरी सांगणे. सॉफ्टवेअरच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही लागू पडतात. सुमारे १ सेकंदापर्यंतचा विलंब माणसाच्या विचाराचा ओघ तोडत नाही आणि १० सेकंदांपलीकडे त्याचे लक्ष हातातील कामावरून उडते. त्यामुळे १० सेकंदांहून लांबणाऱ्या कामात किती झाले आणि किती उरले हे दिसलेच पाहिजे. ‘कृपया प्रतीक्षा करा’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘१२,४०० पैकी ८,१५० खाती पूर्ण’ या वाक्याने सारे कळते. एकूण काम किती आहे हे आधी ठाऊक नसेल तर टक्केवारीविना सरकणारी पट्टी दाखवावी, पण घड्याळाच्या आधारे ९९ टक्क्यांपर्यंत धावणारी आणि तिथे खिळून राहणारी पट्टी दाखवू नये, कारण ती वापरणाऱ्याची सरळ फसवणूक आहे. शिवाय प्रत्येक नोंदीनंतर संदेश पाठवला तर विंडोचा थ्रेड संदेशांखालीच दबतो. स्विंगवर्कर असे संदेश एकत्र करून पोहोचवतो, बॅकग्राउंडवर्कर तसे करत नाही. तिथे सेकंदाला दहा-बारा संदेश पुरेसे होतात.

रद्द करण्याच्या बटणाबाबतही तितकाच गैरसमज आहे. थ्रेडला बाहेरून ठार करणे सुरक्षित नसते, आणि म्हणूनच जावाने ‘स्टॉप’ ही सोय १.२ या आवृत्तीपासूनच त्याज्य ठरवली. रद्दचे बटण केवळ एक खूण करते. ती खूण मधूनमधून तपासणे आणि थांबण्यापूर्वी अर्धवट नोंदी मागे घेणे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाच करावे लागते. याहून घातक गोष्ट म्हणजे हरवलेली चूक. स्विंगवर्करच्या मागच्या थ्रेडवर काम मध्येच कोसळले आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने शेवटी त्याचा निकाल मागण्याची सोय केलीच नाही, तर कोणतीही सूचना न येता पट्टी नाहीशी होते आणि काम यशस्वी झाले असे समजून माणूस घरी जातो. माझ्या मते गोठलेल्या विंडोपेक्षाही हे वाईट आहे.

परीक्षेत हे सारे लपून राहते, कारण प्रात्यक्षिकाच्या तक्त्यात दहा नोंदी असतात आणि काम डोळ्याचे पाते लवायच्या आत संपते. शहरातील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रात्यक्षिकासाठी किमान १ लाख नोंदींचा तक्ता द्यावा, काम चालू असताना विद्यार्थ्याला विंडो सरकवायला सांगावी, मध्येच काम रद्द करायला लावावे आणि डेटाबेसचा संपर्क मुद्दाम तोडून काय दिसते ते पाहावे. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांनीही पैसे चुकते करण्यापूर्वी स्वतःच्या संपूर्ण वर्षाच्या माहितीची प्रत घेऊन नेमकी हीच चाचणी आपल्या कर्मचाऱ्यांच्या हातून करून घ्यावी आणि तिचा निकाल खरेदीच्या करारात नोंदवावा.

आपला नम्र,
एक संगणक-शिक्षक,
राजेंद्रनगर, इंदूर